साठाच्या आत

रखमी : पुन्हा वाच रे. काय आकडा म्हणालास?

जीवन : छप्पन्न.

रखमी : बघ, साठाच्या आत! माझी दक्षा शब्दाची पक्की. बापावर नाही गेली.

(डहाणूजवळ आगरचा किनारा, सकाळचे पावणेअकरा. जीवनच्या तळहातावर फोन. फोनच्या नकाशात समुद्राच्या कडेनं एक पिवळं विमान सरकतंय, शेजारी त्याच्या वेगाचा आकडा. ते उडवतेय रखमीची मुलगी.)

जीवन : बाय, जरा गप बस. मला हा आकडा आवडला नाही.

रखमी : तुला कसा आवडेल? तुझ्या गॅरेजात येणाऱ्या पोरांना ऐंशी-शंभरच लागतात. ते राहू दे. ती दिसणार कधी? साडेदहाला डहाणूवरून जाईन, मान वर करून बघ, म्हणाली होती. पाड्यावरून अंधारात निघालेय मी. दोन गाड्या बदलल्या. आभाळाकडे बघून बघून डोळ्यांत पाणी आलं.

जीवन : तेच म्हणतो मी. साडेदहाला इथं डोक्यावर पाहिजे होती. आत्ता कुठं केळवं ओलांडलंय तिनं.

रखमी : हळू येते म्हणून उशीर. होऊ दे उशीर. धावली ती पडली, चालली ती पोचली.

जीवन : विमानाचं तसं नसतं गं.

रखमी : सगळ्यांचं तसंच असतं.

जीवन : दिवाळीला आली होती तेव्हा गॅरेजात बसून तिनंच सांगितलं मला. मी विचारलं, दक्षा, तुमच्या विमानाला ब्रेक कुठं असतो? हसायलाच लागली. म्हणाली, मामा, ब्रेक जमिनीवर आल्यावर. वर थांबायची सोयच नाही. गाडी हळू केली की थांबते, विमान फार हळू केलं की पडतं.

रखमी : पडतं?

जीवन : पन्नासाच्या खाली गेलं की पंखांना हवा धरवत नाही. ताडाच्या झाडावरून हात निसटावा, तसं.

रखमी : आता किती आहे?

जीवन : चौपन्न.

रखमी : मघाशी छप्पन्न होते.

जीवन : होते.

रखमी : जीवन, तिला फोन लाव.

जीवन : वर फोन घेत नाहीत. तिच्या शिकवणाऱ्या मॅडमचा नंबर दिलाय तिनं, अडीनडीला म्हणून. लावतो.

रखमी : थांब! आधी माझं ऐक. मग लाव.

जीवन : काय झालं? फोन का धरलास माझा?

रखमी : ती विमानाच्या शाळेत जायला निघाली ना, वर्ष होईल आता. तेव्हा मी तिला शपथ घातली. तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, बोल, साठाच्या वर काटा जाऊ देणार नाही. बोलली ती. डोळे मिटून बोलली.

जीवन : साठ? हा साठ कुठून काढलास तू?

रखमी : तुझ्याच तोंडून. ह्यांचा टेम्पो हायवेवर उलटला, तेव्हा आधी तू पोचलास. घरी येऊन तूच सांगितलंस. पत्रा चेपला, काच फुटली, पण काटा तसाच अडकून राहिला होता. नव्वदावर. त्यातले तीस मी कमी केले. म्हटलं, साठावर माणूस मरत नसेल.

जीवन : अगं, ते टेम्पोचे नव्वद! भाऊजींचे किलोमीटर होते. हिचे नॉट, विमानाचं माप. हिशेबच वेगळा आहे.

रखमी : मला काय ठाऊक नॉट? काटा म्हणजे काटा.

जीवन : आणि ती एवढी शिकलेली पोर, ती ऐकेल असलं काही?

रखमी : तू आयटीआय शिकलास. तुझ्या मोटरसायकलला लिंबू-मिरची कोण बांधतं?

जीवन : ...लावतो फोन. स्पीकरवर टाकतो. तू मध्ये बोलू नको.

संगिता : हॅलो, संगिता बोलतेय. कोण?

जीवन : मॅडम, मी दक्षाचा मामा, जीवन. आम्ही डहाणूला उभे आहोत, तिला बघायला. ती आली नाही. आणि फोनवर तिचा वेग बावन्न दिसतोय.

संगिता : मामा, मी रेडिओवर आहे, थोडक्यात सांगते. फोनवरचा आकडा जमिनीवरचा असतो. विमान जमिनीवरून किती सरकलं, एवढंच त्याला कळतं. हवेत ते किती वेगानं चाललंय, ते फक्त तिच्या समोरच्या काट्यावर दिसतं. आज वर उत्तरेचा वारा अचानक वाढलाय. समोरून पस्तीसचा वारा असेल, तर नव्वदनं उडणारं विमान जमिनीवर पंचावन्ननंच सरकणार. घाबरू नका.

जीवन : ऐकलंस, बाय? ती होडी बघ खाडीच्या तोंडाशी. मशीन पुरं लावलंय, धूर काढतेय, पण ओहोटीचं पाणी तोंडावर येतंय म्हणून हलत नाही. तशी आहे आपली दक्षा.

रखमी : दे तो फोन. मॅडम, मी तिची आई बोलते. मी तिला शपथ घातलीय.

संगिता : कसली शपथ, मावशी?

रखमी : साठाच्या वर काटा न्यायचा नाही अशी. माझ्या डोक्यावर हात ठेवून.

संगिता : ...साठाच्या आत म्हणालात?

रखमी : साठाच्या आत.

संगिता : माझ्यासोबत असते तेव्हा ती वेग बरोबर धरते. एकदाही चुकली नाही. पण तेव्हा शेजारी मी असते.

रखमी : मी शेजारी असले की ती कारल्याची भाजीही खाते.

जीवन : बाय!

संगिता : नाही, बोलू द्या त्यांना. बरोबर बोलतायत. एवढ्या लांब ती आज पहिल्यांदाच एकटी गेलीय. मावशी, खरं सांगते, दोन मिनिटांपूर्वी मी खात्रीनं सांगत होते. आता मलाही सांगता येत नाही, हा वारा आहे की शपथ.

रखमी : मग विचारा ना तिला!

संगिता : तेच करतेय. फोन कट करू नका.

रखमी : काय म्हणतेय ती? जीवन, काय चाललंय तिथं?

जीवन : हाका मारतायत रेडिओवर. खरखर येतेय नुसती.

रखमी : आकडा?

जीवन : एक्कावन्न.

रखमी : तू खोटं सांगतोस. कमी असेल.

जीवन : हे बघ. तूच बघ. पाच आणि एक.

रखमी : अरे माझ्या बाळा... साठ कशाला म्हटलं मी? शंभर म्हटलं असतं तर? काहीच म्हटलं नसतं तर?

संगिता : मामा, ऐकताय? ती खालून उडतेय, आमच्या रेडिओला तिचा आवाज पोचत नाही. वरून एक मोठं विमान चाललंय, त्याच्या पायलटला सांगितलंय निरोप द्यायला. थोडा वेळ लागेल.

जीवन : मॅडम, समजा, समजा हं, ती खरंच साठाच्या आत असेल, तर काय होईल? मला मेकॅनिकच्या भाषेत सांगा.

संगिता : सांगते. बोलत राहिले तर मलाही बरं. विमानाला मागे खेचणाऱ्या ओढी दोन आहेत. एक वेगाची. जोरात गेलात की हवा समोरून आपटते. वेग दुप्पट केला की ती ओढ चौपट होते.

जीवन : मोटरसायकलवर ऐंशीला छातीवर बसते तशी.

संगिता : हो. आणि दुसरी वजनाची. विमान हळू गेलं तरी त्याचं वजन कमी होत नाही ना? मग तेवढंच वजन कमी वेगात पेलायचं, तर नाक वर करावं लागतं, पंख जास्त तिरके धरावे लागतात. त्यातूनच दुसरी ओढ तयार होते. जितकं हळू, तितकी ती जास्त. ह्या दोन ओढींच्या मध्ये एक वेग असतो, तिथं दोन्ही मिळून सगळ्यात कमी ओढ. आमच्या ह्या दोन सीटच्या विमानाला तो पासष्टच्या आसपास.

जीवन : आणि साठाच्या आत?

संगिता : त्याच्या उलट्या अंगाला. तिथं हळू जायला जास्त इंजिन लागतं. पेट्रोल जळतं, इंजिन तापतं, पुढं मात्र सरकत नाही. आणि समोरून वारा असेल तर आणखीच वाईट. वाऱ्यात उलट नेहमीपेक्षा थोडं जोरात जायचं असतं, म्हणजे वाऱ्याच्या तावडीत कमी वेळ राहतो. हळू जाऊन पेट्रोल वाचेल असं वाटतं, पण वाचत नाही.

रखमी : भाऱ्यासारखं.

संगिता : काय, मावशी?

रखमी : गवताचा भारा. आम्ही तीस वर्षं डोंगरातून गवताचे भारे उतरवले, मॅडम. डोक्यावर एवढं ओझं. नवी सून असली की ती जपून जपून पाय टाकते. जेवढी हळू चालते, तेवढी तिची मान मोडते. भार खाली दाबतच राहतो आणि वाट संपत नाही. पळाली, तर छाती फुटते. मधली एक चाल असते. ती धरली की भाराच आपल्याला पुढं नेतो. गाणं होतं आमचं,

डोईवर भारा बाई, नको थांबू, नको धावू
मधल्या गं चालीनं, आपुल्या दारी पावू.

संगिता : माझ्या वर्गात हे एवढं सोपं कोणी सांगितलं नव्हतं.

रखमी : सोपं? मला सगळं येत होतं, मॅडम. गाणं येत होतं, चाल येत होती. आणि पोरीला शपथ घालताना मी काय केलं? म्हटलं हळू जा. भारा डोक्यावर देऊन म्हटलं, हळू जा.

जीवन : बाय, खाली बस.

रखमी : नाही बसणार. आकडा?

जीवन : पन्नास.

रखमी : मॅडम, शपथ मीच घातली, आता मीच सोडते. दुसऱ्या कोणी सोडून सुटत नाही ती. तिला सांगा, आईनं शपथ सोडली. सुटली, सुटली, सुटली. असं तीनदा सांगा.

संगिता : मावशी, त्या दुसऱ्या विमानाचा पायलट कोण कुठला. रेडिओवर असं बोलता येत नाही. नियम आहेत.

रखमी : तुमचे नियम कागदावर आहेत. ही शपथ माझ्या डोक्यावर आहे. तीनदाच सांगा. एकदा सांगितलं तर तिला वाटेल, कोणीतरी आपलं मन राखतंय. तीनदा ऐकलं की तिला कळेल आईच बोलते.

संगिता : ...थांबा. त्याला म्हणते, मी बोलते ते शब्द जसेच्या तसे तिला म्हण.

जीवन : म्हणतायत. ऐक. म्हणतायत खरंच.

रखमी : तीनदा?

जीवन : तीनदा. तो पायलट मराठी नसावा, ‘सुटली’ला ‘सुतली’ म्हणतोय.

रखमी : हसू नको रे. मला रडू येतंय आणि तू हसतोस.

जीवन : हसत नाही गं. तोंड वाकडं होतंय नुसतं. सत्तेचाळीस.

रखमी : काय?

जीवन : काही नाही.

रखमी : सत्तेचाळीस म्हणालास. पन्नासाच्या खाली पडतं म्हणालास. जीवन, पन्नासाच्या खाली...

जीवन : आहे अजून! नकाशावर आहे, बघ, सरकतंय! पडलं असतं तर सरकलं असतं का?

रखमी : मी नाही बघत. तू बघ. तू डोळा काढू नको त्याच्यावरून.

संगिता : मामा! मावशी! आला निरोप.

रखमी : बोला.

संगिता : वारा आहे. फक्त वारा. तिचा काटा नव्वदवर आहे, मावशी. पहिल्यापासून नव्वदवर आहे. समोरचा वारा चाळीसच्या वर गेलाय, म्हणून तुमच्या फोनवर तो आकडा. विमान व्यवस्थित उडतंय.

जीवन : नव्वद! बाय, ऐकलंस? नव्वद!

रखमी : नव्वद.

संगिता : आणि तिनंच ठरवलंय, परत फिरते म्हणून. असंच डहाणूपर्यंत आली असती तर पेट्रोलचा राखीव हिशेब बिघडला असता. मी सांगायच्या आधी तिनं गणित केलं. हुशार आहे तुमची मुलगी. डहाणूला नाही येणार ती, मावशी. तुम्हाला दिसणार नाही.

रखमी : नको दिसू दे. खाली उतरू दे.

संगिता : अर्ध्या तासात उतरेल. तिला तुमच्याशी बोलायचंय म्हणाली. उतरली की फोन करायला लावते. ठेवते आता.

जीवन : आभारी आहे, मॅडम. चल, त्या सुरूच्या सावलीत बस. पाणी पी. आणलंय का पाणी?

रखमी : पिशवीत आहे. तिच्यासाठी पिठाचे मुठे वाफवलेत खायला, तेही आहेत.

जीवन : ती काय विमानातून हात बाहेर काढून घेणार होती?

रखमी : आईला कळतं ते सगळं. तरी करते. तू खा.

जीवन : ...बाय. बाय, इकडे बघ. आता एकशे बत्तीस.

रखमी : एकशे बत्तीस! लाव फोन मॅडमला! काय झालं तिला? इतक्या जोरात का पळतेय?

जीवन : अगं थांब, फिरली ना ती! मघाचा वारा तोंडावर होता, तो आता पाठीला आहे. ओहोटीबरोबर होडी सोडल्यासारखं. बघ, आता कमी झालं. एकशे बावीस. तिनं इंजिन कमी केलं असणार. पाठीवर वारा असताना आपण कशाला पेट्रोल जाळायचं? मघाशी जोर लावायचा होता, आता सोडायचा. मॅडम म्हणाल्या त्यातलंच ते.

रखमी : तुला लगेच कळलं सगळं.

जीवन : इंजिनाचं कळतं मला. माणसाचं नाही कळत. आता कसला विचार करतेस? उतरेल ती. सुखरूप आहे.

रखमी : नव्वदवर काटा होता.

जीवन : मग? बरंच झालं की.

रखमी : बरंच झालं. मला ठाऊक आहे बरं झालं. साठात राहिली असती तर... नको, बोलूच नको. पण जीवन, तिनं डोळे मिटून माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. तो हात अजून कळतो मला. मोडली तर मोडली, मला सांगायचं तरी. ह्यांनीही असंच केलं. हो हो म्हणायचे, हळूच चालवतो म्हणायचे, आणि काटा नव्वदवर.

जीवन : भाऊजींचं आणि तिचं एक करू नको. भाऊजी उतारावर शर्यत लावायचे. तिचा तो कामाचा वेग आहे.

रखमी : दोघांचाही आकडा नव्वदच ना रे? मी ऐकला आणि क्षणभर मला तोच टेम्पो दिसला. मॅडम म्हणतायत व्यवस्थित आहे, आणि मला काच फुटलेलीच दिसते.

जीवन : मग काय हवं होतं तुला? शपथ पाळून पडली असती ते?

रखमी : तुझ्या तोंडाला लागो आग! पुन्हा असं बोललास तर बघ.

जीवन : चुकलो. खरंच चुकलो. मुठे दे दोन.

रखमी : घे. ...अर्धा तास होत आला. कुठं आहे आता?

जीवन : उतरतेय. अठ्ठ्याहत्तर. सत्तर. एकसष्ट. आता थांबलं दिसतंय. नकाशावर नेटचं चक्र फिरतंय नुसतं. बाय, शून्य! शून्य आलं! ...वाजला फोन. तिचाच आहे. घे.

रखमी : दक्षा?

दक्षा : आई?

रखमी : उतरलीस?

दक्षा : उतरले. आई, तू...

रखमी : नव्वद होते म्हणे.

दक्षा : हो.

रखमी : आजच, की आधीपासून?

दक्षा : पहिल्या दिवसापासून. साठाच्या आत राहिलं तर ते नीट वर चढतसुद्धा नाही, आई. मला पहिल्याच आठवड्यात कळलं ते.

रखमी : मग मला सांगितलं का नाहीस? मी काय मारणार होते? सांगितलं असतंस तर त्याच दिवशी सोडली असती शपथ.

दक्षा : कसं सांगू? पहिल्यांदा मोडली तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा भीती वाटली. मग दहादा मोडली, मग पन्नासदा. लहानपणी तूच सांगायचीस, खोटी शपथ घेतली की ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याच्यावर येते. मला ठाऊक आहे की असं काही नसतं. शाळेत शिकलेय मी सगळं. पण काटा साठ ओलांडायचा ना, दर वेळी वाटायचं, आत्ता तिकडं पाड्यावर आई पडली. वर असेपर्यंत काही कळायचं नाही. म्हणून उतरले की आधी तुला फोन.

रखमी : अगं, मला वाटायचं तिथलं जेवण तुला आवडत नाही, म्हणून करतेस.

दक्षा : जेवण चांगलं आहे.

रखमी : रोज जेवणाचंच विचारायची मी तुला.

दक्षा : आज तर कोणीतरी अनोळखी माणूस रेडिओवर बोलायला लागला. तुझी शपथ, तीनदा. आईनं सोडली, सुतली, सुतली म्हणे. तो धड बोलतही नव्हता. वाटलं, तू खाटेवर आहेस, शेवटचं म्हणून सोडून जातेस. तसंच फिरवलं विमान, तसंच उतरवलं. आई, खरं सांग. तू बरी आहेस ना?

रखमी : आहे गं. आगरच्या वाळूत उभी आहे. ऊन फार झालंय, पदर घेते डोक्यावर. तू बोल.